ओलिताच्या रात्री सापडलेला आकड्यांचा कोश : ओईआयएस वापरून पाहिलं, त्याबद्दल

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कुठं कापला ते पुढं येतंच, पण ज्याला गणिताची थोडी जरी आवड आहे त्यानं हे वाचायच्या आधीच मोबाईलवर ओईआयएस डॉट ओआरजी उघडून ठेवावं, फुकट आहे, जाहिरात नाही, ॲप टाकायचं काम नाही, नुसतं शोधायचं असलं तर लॉगिन पण लागत नाही.

हे आहे काय तर पूर्णांक क्रमिकांचा कोश. म्हणजे शब्दकोशात जसा शब्द पाहतो तशी इथं आकड्यांची रांग पाहायची. तुमच्याजवळ कुठून तरी आलेले पाच-सहा आकडे आहेत, ते मधे स्वल्पविराम देऊन टाकायचे, आणि हा सांगतो की ही रांग अमुक, हिचा नंबर अमुक, हे पुढचे आकडे, हे सूत्र, आणि हिच्या नात्यागोत्यातल्या बाकीच्या रांगा ह्या. साडेतीन लाखाच्या वर रांगा आहेत त्यात.

मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी. बी.एस्सी.ला गणित होतं, नोकरीचं जमलं नाही, कापूस-तूर-चना करतो आणि संध्याकाळी घराच्या ओसरीत दहावी-बारावीच्या पोट्ट्यांना शिकवतो. याआधी पोट्ट्यांसाठी म्हणून एका गणिताच्या ॲपचे वर्षाचे पैसे भरले होते, नाव नाही घेत, तीन महिन्यात ते उघडणंच बंद झालं आणि फोन कोणी उचलला नाही, त्यामुळं फुकटच्या गोष्टीवर विश्वास ठेवायला मला जरा वेळच लागला. पण इथं आलो ते पुतणीच्या एका प्रश्नामुळं.

ती बारावी सायन्सला आहे. कॉलेजात डेरिव्हेटिव्ह, म्हणजे एखादी गोष्ट किती वेगानं बदलते ते काढायचं गणित, सुरू झालं तेव्हाची गोष्ट, संध्याकाळी वही घेऊन आली आणि म्हणे, "काका, एक्स वर्गाचं टू एक्स होते ना? अन् नऊ म्हणजे तीनचा वर्ग. मंग नऊचं सहा काऊन नाही होत?" मी सरळ सांगितलं की नऊ हा स्थिरांक आहे, म्हणजे न बदलणारा आकडा, स्थिरांकाचं डेरिव्हेटिव्ह शून्य, विषय संपला. ती गप्प बसली पण तिचं तोंड काही पटल्यासारखं दिसत नव्हतं, आणि खरं सांगतो मला पण ते रात्रभर टोचत राहिलं, कारण प्रश्न चुकीचा नव्हता, मी तो ऐकूनच घेतला नव्हता.

त्या आठवड्यात आमच्याकडं रात्रीची लाईन होती. चन्याला ओलित चालू, स्प्रिंकलरचे पाईप अडीच-तीन तासांनी उचलून पुढं न्यायचे आणि मधल्या वेळात रोही अन् रानडुकरं येऊ नयेत म्हणून माळ्यावर बसून बॅटरी मारत राहायची. थंडी होती, शेकोटी होती, खिशात वही होती. मी म्हटलं चला, पोट्टी म्हणते तसं धरून तर पाहू. मूळ संख्येचं डेरिव्हेटिव्ह १ धरायचं, जसं एक्सचं १ होते तसं, आणि १ चं शून्य. आणि गुणाकाराचा नियम तोच ठेवायचा, पहिल्याचं काढून दुसरा तसाच, अधिक पहिला तसाच आणि दुसऱ्याचं काढून. मग ९ म्हणजे ३ गुणिले ३, तर ३ अधिक ३, सहा. आलं की! ४ चं ४, २५ चं १०, ४९ चं १४. म्हणजे मूळ संख्येच्या वर्गाचं डेरिव्हेटिव्ह त्या मूळ संख्येच्या बरोबर दुप्पट येते, पोट्टी म्हणत होती तेच.

मग २ पासून पुढं लिहीत गेलो. १२ च्या गुणाकारात आतल्या ४ चं चुकून २ धरलं, १२ चं १० लिहिलं, आणि तीच रांग कोशात टाकली तर काहीच सापडलं नाही. मला वाटलं असं कोणी केलंच नसेल. मग पाईप बदलून आलो, हात सुकवले, पुन्हा तपासलं. ३ गुणिले ४ केलं तर ४ अधिक १२, म्हणजे १६. २ गुणिले ६ केलं तर ६ अधिक १०, तरी १६. कसंही तोडा तेच येते, म्हणजे नियम पक्का आहे, चूक माझी होती. १, १, ४, १, ५, १, १२, ६, ७, १, १६ अशी टाकली आणि एका सेकंदात पान समोर. नंबर ए००३४१५. अंकगणिती डेरिव्हेटिव्ह.

वावरात रात्री दीड वाजता मोबाईलवर ते पान पाहून काय वाटलं ते लिहून सांगता येत नाही. माझ्या पुतणीनं ओसरीत विचारलेली गोष्ट होसे मिंगोट शेली नावाच्या स्पॅनिश गणितज्ञानं १९११ ला मांडली होती, आणि १९६१ ला कॅनडात बार्बो यांनी त्यावर पुन्हा लेख लिहिला. आणि ही नुसती गंमत पण नाही. दोन मूळ संख्यांच्या गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह म्हणजे त्यांची बेरीज, १५ चं ३ अधिक ५ म्हणजे ८. गोल्डबाख आणि ऑयलर या गणितज्ञांच्या १७४२ च्या पत्रांतून जो प्रश्न निघाला, की २ च्या वरची प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते का, तो प्रश्न इथं सरळ येऊन बसतो. बारावीच्या पोरीचा प्रश्न एवढ्या लांब जातो हे मला माहीत नव्हतं, आणि हे सांगणारं गावात कोणी नाही, तालुक्याला कोणी भेटलं असतं की नाही सांगता येत नाही.

आता या कोशाची जी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली ती. प्रत्येक पानाच्या खाली नात्यातल्या रांगांचे नंबर असतात, त्याच्यावर बोट लावलं की तिकडं जाता येते. असं करत करत मी ए३२७८६० वर पोचलो, आणि माझे पुढचे दोन आठवडे त्याच्यातच गेले. नाव आहे प्रायमोरियल पायातल्या एक्स्प फंक्शनचं अंकगणिती डेरिव्हेटिव्ह. नावानं घाबरू नका, मी पण घाबरलो होतो, माझ्या पद्धतीनं सांगतो.

आपले आजे आणे-पैशात हिशोब करायचे. चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. म्हणजे प्रत्येक पायरीला वेगळा आकडा, कुठं चारनं चढायचं कुठं सोळानं. आपल्या एकक-दशक-शतकात सगळीकडं दहाच. प्रायमोरियल पद्धतीत पायऱ्या मूळ संख्यांनी चढतात. पहिलं घर १ चं, मग २ चं, मग २ गुणिले ३ म्हणजे ६ चं, मग त्याला ५ नं गुणून ३० चं, ७ नं गुणून २१०, ११ नं गुणून २३१०, मग ३००३०. ह्याच संख्यांना प्रायमोरियल म्हणतात. १ च्या घरात फक्त ० किंवा १ मावतो, २ च्या घरात २ पर्यंत, ६ च्या घरात ४ पर्यंत, ३० च्या घरात ६ पर्यंत. जास्त झाले की हातचा वरच्या घरात जातो, चार पैसे झाले की आणा होतो तसाच. उदाहरणार्थ ११ म्हणजे एक सहा, दोन दोन आणि एक एक, १२१ असं लिहायचं.

मग प्रत्येक घराला एक मूळ संख्या लावून द्यायची. १ च्या घराला २, २ च्या घराला ३, ६ च्या घराला ५, ३० च्या घराला ७, असंच पुढं. आणि त्या घरात जो अंक आहे तो घातांक म्हणून चढवायचा. ११ मधे १ च्या घरात १ म्हणून २, २ च्या घरात २ म्हणून ९, ६ च्या घरात १ म्हणून ५, गुणाकार ९०. म्हणजे ११ चा ९० झाला. हे झालं एक्स्प, ही ए२७६०८६ नंबरची रांग. आता या ९० चं वरच्या नियमानं डेरिव्हेटिव्ह काढा, ४५ अधिक ६० अधिक १८, म्हणजे १२३. म्हणून ए३२७८६० मधे ११ च्या जागी १२३.

० पासून लिहिली तर रांग अशी येते, ०, १, १, ५, ६, २१, १, ७, ८, ३१, ३९, १२३, १०, ४५, ५५. वहीवर मी ३० पर्यंत हातानं काढली. २९ वर आकडा येतो २२१२५, आणि ३० वर धाडकन १. मला पहिले वाटलं पुन्हा चुकलो, पण नाही, ३० म्हणजे फक्त चौथ्या घरात एक, म्हणजे ७, आणि ७ मूळ संख्या म्हणून तिचं १. तसंच ६ वर १, २१० वर १, २३१० वर १. एवढी चढलेली रांग प्रत्येक प्रायमोरियलला जमिनीवर येते आणि मधे कुठं १ येतच नाही. पानावर ग्राफ नावाचं बटण आहे, दाबून पाहा, ही चढ-उतार डोळ्यानं दिसते. बाजूला लिसन पण आहे, तो आकडे सुरात वाजवून दाखवतो, पोट्ट्यांना ते फार आवडलं.

आता ह्या दोन गोष्टी, डेरिव्हेटिव्ह आणि प्रायमोरियल, एकत्र का आणल्या असतील हे मला आठवडाभर समजत नव्हतं, वाटे की कोणीतरी उगाच एकाला दुसरी बांधली. मग एका रात्री लक्षात आलं. ३ चा घातांक २ च्या वर जात नाही, ५ चा ४ च्या वर जात नाही, म्हणजे कोणत्याही मूळ संख्येचा घातांक त्या संख्येएवढा होतच नाही. म्हणून एक्स्पमधून ४ कधीच निघणार नाही, २७ निघणार नाही, ४ नं किंवा २७ नं भाग जाणारं काहीच निघणार नाही. आणि डेरिव्हेटिव्हमधे कोणत्या संख्या अडेलतट्टू आहेत? नेमक्या ह्याच. ४ चं ४ च राहते, २७ चं २७, ३१२५ चं ३१२५. ८ चं १२, १२ चं १६, १६ चं ३२, चढतच जाते. ज्या संख्येत असा तुकडा आहे ती कितीही वेळा डेरिव्हेटिव्ह घेतलं तरी खाली शून्यावर येत नाही. म्हणजे प्रायमोरियलची चाळणी अशी आहे की ह्या सगळ्या अडेल संख्या वर अटकून राहतात आणि बाकीची प्रत्येक संख्या एकदाच आणि एकदाच खाली पडते. चाळणीतून पडलेल्या सगळ्याच शून्यावर जातात असं मात्र नाही, १५ पडते पण तिचं ८ होते आणि ८ पुन्हा चढणीला लागते. तरी पण जोडी उगाच नाही जमवली हे मला पटलं, आणि जेव्हा पटलं तेव्हा मी माळ्यावर उभाच राहिलो होतो.

पुतणीला दाखवलं तर तिनं दोन गोष्टी काढल्या. एक, तिनं विचारलं की असा आकडा आहे का की जो एक्स्प करून पण तोच राहतो, आणि स्वतःच दोन ओळीत उत्तर दिलं. "विषम असलं तं शेवटच्या घरात एक राहते, मंग गुणाकारात दोन आलाच, म्हणजे उत्तर सम. सम असलं तं दोन येतच नाही, उत्तर विषम. जमूच शकत नाही काका." एकदम बरोबर. मी पंधरा-वीस आकडे तपासत बसलो होतो, तिनं सगळे एकदम तपासले.

दुसरी, डेरिव्हेटिव्ह घेतल्यावर मात्र तोच राहणारे आहेत. ० आणि १ तर आहेतच, मग ७ चं ७ आणि ८ चं ८. ७ म्हणजे ६ अधिक १, त्या घरांच्या मूळ संख्या ५ आणि २, गुणाकार १०, त्याचं डेरिव्हेटिव्ह ५ अधिक २, पुन्हा ७. ८ म्हणजे ६ अधिक २, घरं ५ आणि ३, गुणाकार १५, त्याचं ८. त्याच्यापुढं ३० पर्यंत आम्हाला वहीत एक पण मिळाला नाही. आणि मग कोशाच्या मदतीनं सापडला तो २५५६. कागद घ्या आणि हा एक तरी हातानं करा. २५५६ म्हणजे २३१०, २१०, ३० आणि ६, प्रत्येकी एक, खालची दोन घरं रिकामी. घरं झाली १३, ११, ७ आणि ५, गुणाकार ५००५. आता डेरिव्हेटिव्ह काढताना एकेक मूळ संख्या वगळून बाकीच्यांचा गुणाकार घ्यायचा. ५ वगळला तर १००१, ७ वगळला तर ७१५, ११ वगळला तर ४५५, १३ वगळला तर ३८५. बेरीज करा. १००१ अन् ७१५ सतराशे सोळा, त्यात ४५५ म्हणजे २१७१, त्यात ३८५ म्हणजे २५५६. पुतणीनं बेरीज दोनदा केली आणि मग वहीत २५५६ भोवती लाल पेननं गोल केला.

आता अर्धा स्टार कशाचा. सगळं इंग्रजीत आहे, आणि इंग्रजी पण आखडतं, दोन ओळीत पूर्ण गोष्ट बसवलेली असते. सूत्रात एका रांगेचं नाव न लिहिता नुसता तिचा नंबर लिहितात, त्यामुळं एक ओळ समजायला चार पानं उघडावी लागतात. खाली कॉम्प्युटरचे प्रोग्राम दिलेले असतात ते ज्याला येतात त्यालाच कामाचे. मराठी माध्यमाच्या पोराला एकट्याला हे जड जाते, शेजारी बसून सांगणारा पाहिजे. आणि एक आकडा जरी चुकला तरी रांग सापडत नाही, म्हणून टाकायच्या आधी दोनदा तपासा. सुरुवातीचे एक-दोन आकडे सोडून पुढचे सहाएक टाकले तर जास्त बरं, कारण कोणी शून्यापासून सुरू करते कोणी एकपासून.

चांगली बाजू अशी की पानं एकदम हलकी आहेत. आमच्या वावरात टॉवरची एक काडी येते, त्याच्यावर व्हिडिओ सोडा फोटो पण उघडत नाही, पण हे उघडते, कारण नुसते अक्षर आणि आकडे. आणि जे छापलं ते कोणीतरी तपासलेलं असते. खातं काढून आपली रांग पाठवता येते पण ती लगेच लागत नाही, संपादक पाहतात, शंका विचारतात, दुरुस्त्या होतात, मगच पान बनते.

हे सुरू कसं झालं ते पण वाचलं आणि मला आपल्यासारखंच वाटलं. नील स्लोन नावाचे गणितज्ञ १९६४ ला कॉर्नेल विद्यापीठात शिकत होते, त्यांना कामात ०, १, ८, ७८, ९४४ अशी रांग लागली आणि ती कुठं सापडेना, पुढचं सांगणारं कोणी नाही. म्हणून त्यांनी स्वतःच रांगा जमवायला घेतल्या, पहिले कार्डांवर. १९७३ ला पुस्तक निघालं त्यात २३७२ रांगा होत्या, १९९५ च्या पुस्तकात साडेपाच हजाराच्या जवळपास, आणि १९९६ ला सगळं इंटरनेटवर आलं. आता त्याची संस्था आहे, देणगीवर चालते. मी पण यंदा चना विकला की थोडे पाठवणार आहे.

आणि आपल्या माणसाचं नाव तिथं आहे हे पोट्ट्यांना मुद्दाम दाखवा. देवळालीचे शाळेतले मास्तर द. रा. कापरेकर, त्यांच्या संख्या ए००६८८६ नंबरला आहेत. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. ७०३ चा वर्ग ४९४२०९, ४९४ अधिक २०९ केले की ७०३. त्यांनी नाव दिलेल्या हर्षद संख्या ए००५३४९ ला आहेत, ज्यांना स्वतःच्याच अंकांच्या बेरजेनं भाग जातो त्या. शाळेत शिकवता शिकवता केलेलं काम जगाच्या कोशात बसलंय. माझ्या वर्गातला एक पोट्टा, जो कधी वहीच काढत नाही, त्यानं ७०३ चा वर्ग घरी करून आणला होता.

कोणी वापरावं म्हणाल तर दहावीच्या पुढं कोणीही, आणि शिक्षकांनी तर नक्कीच. क्रमिकेचा धडा शिकवताना पुस्तकातलं ५, १०, १५ सोडून एखादी अशी रांग फळ्यावर लिहा की जिचा नियम लगेच दिसत नाही. मी १, ५, ६, २१, १, ७, ८, ३१ लिहिली होती, दोन दिवस तशीच ठेवली, खडूनं बाजूला कोणी कोणी काय काय लिहून गेलं.

एक शेवटचं, वावरात वापरणार असाल तर घरून निघायच्या आधी जी पानं पाहायची ती उघडून ठेवा आणि बंद करू नका, नेटवर्क गेलं तरी उघडलेलं पान वाचता येते. आणि ए३२७८६० पाहणार असाल तर ए००३४१५, ए२७६०८६ आणि प्रायमोरियलचं ए००२११० ही तीन पण सोबत उघडा, नाही तर अर्ध्या रात्री अटकून बसाल.